आधी चेहरा, मग हात

अग्निशमन केंद्रात त्याला सगळे भोंगा म्हणत. हे नाव ठेवायला कुणाला फार डोकं चालवावं लागलं नव्हतं. तो कुजबुजला तरी पलीकडच्या खोलीतला माणूस "काय म्हणालास?" असं विचारत येई. लग्नाआधी बागेतल्या बाकावर बसून त्याने होणाऱ्या बायकोच्या कानात काहीतरी गोड सांगितलं, तेव्हा समोरच्या बाकावरचे आजोबा पेपर खाली घेऊन म्हणाले होते, "हो म्हणून टाक गं पोरी, मुलगा चांगला वाटतोय."

कामात मात्र हा आवाज सोन्याचा होता. धुरात माणसाला दिसत काही नाही, पण ऐकू येतं. भोंग्याने "कोणी आहे का आत?" अशी हाक दिली की अडकलेली माणसं त्या रोखाने सरपटत येत आणि बाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकांच्या जिवात जीव येई. अंगानेही तो धिप्पाड. भल्याभल्यांना पाठुंगळीला मारून त्याने जिने उतरवले होते. 'आपण आत गेलो म्हणजे माणूस बाहेर आलाच' असा त्याचा खाक्या होता आणि त्याचा त्याला थोडा तोराही होता.

तो तोरा उतरला एका सकाळी, एका जुन्या इमारतीच्या जिन्यावर.

आग लागल्याची खबर आली, की केंद्रात 'वर्दी आली' म्हणतात. त्या दिवशीची वर्दी साधी होती. तळमजल्यावर विजेच्या मीटरच्या वायरी जळत होत्या आणि धूर जिन्यातून वर चढत होता. बिऱ्हाडं खाली येऊन रस्त्यावर उभी होती. तेवढ्यात एक शेजारीण म्हणाली, "अहो, वरच्या मजल्यावर दादांची बहीण राहिली. दादा कामावर गेलेत. ती जरा वेगळी आहे हो."

वेगळी म्हणजे कशी, हे विचारायला कुणाला सवड होती? भोंग्याने तोंडावर श्वासाचा मास्क चढवला, पाठीवर सिलिंडर घेतला आणि तो धडधड वर गेला.

स्वयंपाकघरात जेवणाच्या टेबलाखाली चाळिशीची एक बाई गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. डोळे घट्ट मिटलेले, तळहात कानांवर दाबलेले, आणि तोंडाने एकसुरी 'म्म्म' चालू. खाली बंबाचा सायरन कोकलत होता, जिन्यातली धोक्याची घंटा ठणठणत होती. भोंग्याने नेहमीसारखी आरोळी ठोकली, "चला, उठा, बाहेर चला!" बाई आणखी आत सरकली. त्याला वाटलं, हिच्या डोक्यात धूर गेला. त्याने मागून कमरेला विळखा घातला आणि तिला ओढून काढलं.

मग जे झालं ते त्याच्या आख्ख्या नोकरीत झालं नव्हतं. बाई हातमोज्यावरून कडकडून चावली, लाथा झाडू लागली. शेवटच्या वळणावर त्याचा पाय घसरला आणि दोघंही गडगडत खाली आली. तिची कोपरं खरचटली. भोंग्याच्या खांद्यापाशी मात्र काहीतरी काडकन वाजलं.

बाई उठली आणि रस्त्याकडे धावत सुटली. बंदोबस्ताला आलेल्या हवालदारीणबाईंनी तिचे दोन्ही दंड पकडले. "काय दारूबिरू प्यायलीय की काय ही?" पकड जितकी घट्ट होई तितकी ती जास्त झटापट करी. एवढ्यात कामावरून धावत आलेला तिचा भाऊ गर्दीतून ओरडला, "सोडा तिला! सोडलंत की ती थांबेल!"

हवालदारीणबाईंनी बिचकत हात काढले. आणि खरंच, बाई थांबली. भिंतीला टेकून बसली, भावाचं जाकीट तिने डोक्यावरून ओढून घेतलं आणि हळूहळू तिचा श्वास जाग्यावर आला.

आग विझली, माणसं वाचली. बाकीच्यांच्या लेखी काम फत्ते झालं होतं. भोंगा गळ्यात हात बांधून घरी बसला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तिखटमीठ लावून सांगू लागला, "वाचवायला गेलो, तर चावली मला!"

बायको ही कथा ऐकून ऐकून कंटाळली होती. एकदा ती सहज म्हणाली, "पण तुम्ही वाचवायला आलाय, हे तिला कळलं होतं का?"

त्या संध्याकाळी पाहुणे आले, तेव्हा भोंग्याने त्यांना फक्त चहा विचारला. त्या घरात असं फार क्वचित होत असे.

दुसऱ्या दिवशी त्याने भावाला फोन लावला. भाऊ आधीच तापलेला होता. "तक्रार करायची आहे का तुम्हाला?"

"नाही हो, विचारायचं आहे."

"मग जरा हळू बोला."

"हे मी हळूच बोलतोय."

पलीकडे भावाला हसू फुटलं. "या," तो म्हणाला, "पण ती कामावर असते. तिथेच या. तिथे ती निवांत असते."

तिचं काम होतं वाचनालयाच्या मागच्या खोलीत. फाटकी, सुटलेली, भिजून फुगलेली पुस्तकं तिच्याकडे येत आणि ती त्यांची शिवण उसवून, पुन्हा शिवून, नवा पुठ्ठा चढवून धडधाकट करून परत पाठवी. खोलीत खळीचा वास होता. टेबलावर दाभण, दोऱ्याची रिळं, आणि कानावर लावायची जाड गादीची टोपणं. भाऊ दाराशी स्टुलावर बसला होता. भोंगा अवघडून उभा राहिला.

बाईने मान वर केली नाही. हातातली शिवण चालूच ठेवून ती म्हणाली, "तुमचं हाड मोडलं, त्याचं मला वाईट वाटलं. चावले त्याचंही."

"त्याचं काही मनावर घेऊ नका. मला फक्त कळत नाहीये, मी आलो होतो तर तुम्ही बाहेर का आला नाहीत?"

"कोण आलं होतं?"

"मी."

"तुम्ही नाही आलात. एक डबा आला होता. त्याला चेहरा नव्हता, तो फुसफुस करत होता आणि त्याने मला मागून धरलं. मला मागून हात लावलेला चालत नाही. पुढून, सांगून लावला तर चालतो. आवडत नाही, पण चालतो."

"मी ओरडून सांगत होतो की—"

"घंटा ओरडत होती, सायरन ओरडत होता, तुम्ही ओरडत होतात. तिघांतला माणूस कोण, ते मला ओळखता आलं नाही."

भोंगा खो खो हसला. कपाटाच्या काचा थरथरल्या. बाईने शांतपणे कानाची टोपणं चढवली, आणि भोंग्याने चांगल्या हाताने स्वतःचं तोंड दाबून धरलं. ते बघून भाऊच हसायला लागला. थोड्या वेळाने तिने टोपणं काढली.

"डॉक्टर याला ऑटिझम म्हणतात ना?" भोंग्याने जमेल तितकं हळू विचारलं. "स्वमग्न की काय ते?"

"ऑटिझम म्हणा. स्वमग्न हा शब्द चुकलेला आहे," ती म्हणाली. "मी स्वतःत मग्न नसते. मला बाहेरचंच सगळं जरा जास्त ऐकू येतं, जास्त दिसतं. घाबरले की शब्द जातात. समोरचा काय म्हणतोय ते कळतं, पण माझं उत्तर तोंडापर्यंत पोचत नाही. मग लोकांना वाटतं हिला ऐकू येत नाही, आणि ते आणखी मोठ्याने विचारतात."

"मग मी काय करायला हवं होतं?"

ती विचारात पडली. दोरा ओढला, गाठ मारली, कापला. भोंग्याला ती शांतता सोसेना. तो काहीतरी बोलणार, इतक्यात भावाने बोटानेच 'थांबा' केलं. पाठीवर सिलिंडर घेऊन जिने चढणं परवडलं, असं भोंग्याला झालं.

"आधी चेहरा," ती अखेर म्हणाली. "मग नाव. मग पुढे काय करणार ते सांगायचं. मग थांबायचं. मग हात."

"आगीत थांबायचं?"

"थोडंसं. तुम्ही माझ्याशी झोंबाझोंबी केलीत तेवढा वेळ गप्प बसला असतात, तर मी आपली आपण आले असते."

"आणि धूर अंगावर आला असेल, थांबताच येत नसेल तर?"

"तर 'मी आता ओढणार आहे' असं सांगून ओढा. मला राग येईल. पण मी चावणार नाही." मग तिने जरा विचार केला. "बहुतेक."

धुरात मास्क काढता येत नाही, ही अडचण भोंग्याने सांगितली. त्यावर ती म्हणाली, "मग तो मास्क मला आधीच दाखवा."

केंद्राच्या साहेबांनी हे ऐकून कपाळाला हात लावला. "अरे, हे केंद्र आहे की बाग? लोकांना फिरायला आणतोस?" पण भोंग्याने पिच्छा पुरवला आणि शेवटी साहेबांनी एका रविवारची सकाळ दिली, वर्दी आली तर सगळं तिथल्या तिथे बंद, या अटीवर.

त्या रविवारी बहीणभाऊ आले. दुखरा खांदा सांभाळत भोंग्याने तिच्यासमोर एकेक वस्तू अंगावर चढवली. जाड कोट, बूट, हातमोजे. प्रत्येक वस्तू ती आधी हातात घेऊन बघे, वास घेई, टकटक करी. मास्क चढवला मात्र, आणि ती थेट फाटकापर्यंत मागे गेली. भोंग्याने मास्क काढला. ती परत आली. घातला, ती गेली. काढला, ती आली. असं कितीदा झालं कोण जाणे, भोंग्याचे केस घामाने कपाळाला चिकटले. सगळ्यांत शेवटी ती गेली नाही. जवळ आली, मास्कच्या काचेवर नखाने टिचकी मारली आणि त्यालाच माहिती द्यावी तसं म्हणाली, "आत तुम्ही आहात."

"हो," आतून भोंगा म्हणाला.

पुढच्या खेपेला ती आणखी चारपाच ओळखीच्यांना घेऊन आली. कुणाला सायरन दुरून ऐकायचा होता, कुणाला फक्त पाण्याचा पाइप गुंडाळून बघायचा होता, एका काकांना कुणाशीही न बोलता बंबाभोवती चकरा मारायच्या होत्या. मग जवानांची तालीम सुरू झाली. बाई टेबलाखाली बसे आणि एकेक जवान तिला 'वाचवायला' येई. पहिला आला तो एका दमात म्हणाला, "घाबरू नका, शांत व्हा, नाव काय तुमचं, कुठे दुखतंय, घरी कोण असतं, चालता येतं का?"

बाई टेबलाखालून बाहेर आली. "तुम्ही मला मारलंत," ती म्हणाली.

"मी? कधी?"

"प्रश्नांनी."

बाकीचे जवान हसून हसून लोळले. दुसऱ्याने तिचं सगळं मनावर घेतलं. मास्कमधून आपलं नाव सांगितलं, काय करणार ते सांगितलं आणि तो थांबला. इतका थांबला, की बाई बाहेर येऊन उभी राहिली तरी त्याला पत्ता नाही. तेव्हापासून जवान तिला मास्तरीणबाई म्हणू लागले. तिला ते आवडलं की नाही ते कळलं नाही, पण तिने कुणाला टोकलं नाही.

भोंग्याने हवालदारीणबाईंनाही बोलावलं होतं. त्या साध्या कपड्यांत आल्या, अवघडून खुर्चीच्या टोकावर बसल्या. "मी तुम्हाला दारू प्यायलात म्हणाले होते," त्या म्हणाल्या.

"मी पीत नाही. वास सहन होत नाही."

"तुम्ही पळत होतात, म्हणून धरलं हो."

"मी आवाजापासून पळत होते. तुम्ही धरल्यावर तुमच्यापासूनही."

"पण कोणी खरंच गाडीखाली पळत सुटलं, तर काय करू मी? नुसती बघत राहू?"

प्रश्न रास्त होता. मास्तरीणबाईंनी तो वरवर निकालात काढला नाही. दोघी अंगणात गेल्या आणि कितीतरी वेळ नुसत्या पळत आणि अडवत राहिल्या. धरायचं नाही, रस्त्याच्या बाजूला आडवं उभं राहायचं, हात मोकळे दिसतील असे ठेवायचे आणि मोकळ्या जागेकडे वाट सोडायची, हे त्यांचं त्यांनीच शोधून काढलं. हवालदारीणबाई घामाघूम झाल्या, पण जाताना खुशीत होत्या.

घरी भोंग्याचा वेगळाच अभ्यास चालू होता. आरशासमोर उभा राहून तो आवाज खाली आणायला शिकत होता. "मी तुमच्या मदतीला आलोय. मी आता तुमचा हात धरणार आहे." पुन्हा थोडं हळू. "मी आता तुमचा हात धरणार आहे."

भिंतीपलीकडून शेजारी ओरडले, "अहो, धरा एकदाचा!"

बायको हसून हसून बेजार झाली.

खांदा बरा होऊन तो कामावर रुजू झाला, त्यानंतर काही आठवड्यांनी भर दुपारी एक वर्दी आली. दवाखान्यांच्या एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. आत एक म्हातारी आई आणि तिचा तिशीचा मुलगा. मुलगा अंगाने भोंग्याच्या तोडीचा. लिफ्टची घंटा अखंड वाजत होती आणि आतून धप् धप् असा आवाज येत होता.

दाराच्या फटीतून आई रडकुंडीला येऊन सांगत होती, "बोलत नाही हो तो! पण सगळं समजतं त्याला! डोकं आपटून घेतोय बघा!"

वऱ्हांड्यात बघ्यांची ही गर्दी. प्रत्येकाकडे फुकटचा सल्ला तयार. "दार तोडा," "दोघं उतरा आणि बांधून काढा," "इंजेक्शन द्या." भोंग्याने पहिलं काम केलं ते घंटेची वायर काढायला लावली. दुसरं म्हणजे त्याने बंदोबस्ताला आलेल्या हवालदारीणबाईंकडे पाहिलं. त्यांच्या सगळं ध्यानात आलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, नुसत्या नजरेच्या धाकाने वऱ्हांडा रिकामा केला आणि जिन्याच्या तोंडाशी आडव्या उभ्या राहिल्या.

एकदम शांत झालं.

भोंग्याने हेल्मेट काढून कडेला ठेवलं, जमिनीवर पालथा पडला आणि फटीत आपला चेहरा आणला. त्याने आईशी नाही, मुलाशीच बोलायला सुरुवात केली, आरशासमोर घोटलेल्या आवाजात. "मी अग्निशमनवाला. मला भोंगा म्हणतात. मी हे दार आणखी उघडणार आहे. तेव्हा मोठा आवाज होईल. तू तयार झालास की उघडतो."

मुलाने कपाळावर मूठ मारली. पुन्हा मारली. मागून एक जवान कुजबुजला, "ओढू या का?" भोंग्याने मान हलवली. फरशी गार होती, बरा झालेला खांदा ठणकत होता, नाकाच्या शेंड्याला खाज सुटली होती. तो तसाच पडून राहिला. लिफ्टच्या मिस्त्रीने ब्रेक पक्का केल्याची खूण केली, म्हणजे खाली जायची भीती नव्हती. आता फक्त वाट बघायची होती.

मूठ मारण्यातलं अंतर वाढत गेलं. मग मारणं थांबलं. फटीतून एक मोठा हात बाहेर आला, चाचपडत हेल्मेटपर्यंत पोचला आणि हेल्मेट घेऊन आत गेला. मुलाने ते डोक्यावर चढवलं, वरून टकटक वाजवून बघितलं आणि भोंग्याच्या हनुवटीकडे पाहिलं.

"आता उघडतो. आवाज होईल."

मुलाने दोन्ही हातांनी हेल्मेट घट्ट दाबून धरलं. दार करकरत उघडलं. छोटी शिडी आत सोडली. आई चढून वर आली. मुलगा मात्र खाली बसला, मांडी घालून, जणू तिथे राहायलाच आला होता.

वायरलेसवर साहेबांचा आवाज आला, "काय रे, एका लिफ्टला एवढा वेळ?"

"साहेब, तो बसलाय."

"मग?"

"मग मीही बसलोय."

"बरं," साहेब म्हणाले, "बसा."

आणि मग, कुणी काही न म्हणता, मुलगा उठला. भोंग्याने पुढे केलेला हात त्याने घेतला नाही. शिडी चढून तो त्याच्या शेजारून गेला, जिना उतरला, उन्हात आला आणि तडक बंबाच्या पुढच्या सीटवर जाऊन बसला.

लिफ्टमधून निघाला, आता बंबातून निघेना! आई ओशाळून म्हणाली, "याला गाड्यांचं लहानपणापासून फार वेड आहे हो." जवानांनी भोंग्याकडे पाहिलं, भोंग्याने वायरलेस उचलला, आणि साहेबांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "घर लांब आहे का?"

त्या दुपारी लोकांनी एक आगळं दृश्य पाहिलं. सायरन न वाजवता लाल बंब रमतगमत चालला होता, पुढच्या सीटवर हेल्मेट घातलेला एक माणूस ताठ बसला होता, आणि मागे त्याची आई जवानांच्या मध्ये बसून सगळ्यांना घरी चहाला यायचा आग्रह करत होती. घर आल्यावर तो आपणहून उतरला. हेल्मेट काही केल्या दिलं नाही. भोंगा बोडक्या डोक्याने केंद्रात परतला.

मास्तरीणबाईंना त्याने ही हकिगत रंगवून सांगितली. त्यांनी टोपणं चढवून ऐकली. "घंटा आधी बंद केलीत?"

"सगळ्यांत आधी."

"छान," त्या म्हणाल्या आणि पुन्हा शिवणीकडे वळल्या. भोंगा दिवसभर ते 'छान' मिरवत फिरला.

आता तो मुलगाही रविवारी येतो. बंबात बसतो, कंटाळा आला की उतरतो. भोंगा अजूनही आगीत गरजतोच, पण आत माणूस दिसला की हात पुढे करण्याआधी थबकतो. आणि गेल्याच महिन्यात केंद्रातला फोन वाजला. फोन या वस्तूला हातही न लावणाऱ्या बाईचा आवाज पलीकडून आला. "वाचनालय. कपाटामागच्या बोर्डातून जळका वास येतोय. मेन स्विच बंद केलाय. वाचक बाहेर काढलेत. या." आणि फोन बंद.

बंब पोचला तेव्हा वाचक फुटपाथवर ओळीने उभे होते, काही जण तर उभ्या उभ्याच वाचत होते. एका आजोबांची कुरकुर चालू होती, की ऐन रंगात आलेलं प्रकरण अर्धं राहिलं. बोर्डातली वायर काळी पडली होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर कपाटाने पेट घेतला असता. जवानांनी ती काढून टाकली. तोवर मास्तरीणबाई दुसऱ्या खोलीतून आल्या आणि म्हणाल्या, आलाच आहात तर बाकीचे बोर्डही बघून जा.

मग काय, वायरमन बोलावला, भोंगा हातात बॅटरी धरून त्या दोघांच्या मागे मागे फिरला, आणि संध्याकाळपर्यंत सगळं वाचनालय तपासून झालं. वरच्या मजल्यावर आणखी एक बोर्ड तसाच निघाला. तोही बदलला, दिवे लागले, आणि ते आजोबा सगळ्यांत आधी आत शिरून आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.